रिकाम्या खोलीची शांतता

मेणबत्ती राहू दे. दिवे येतील तेव्हा येतील. आणि ए, त्या कोपऱ्यातल्या पियानोवरचा हात काढ आधी. का ते सांगतो, बसा.

माझं काम पियानो सुरात लावायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ही हकिकत माझ्या गिऱ्हाइकाच्या घरची. दोन भाऊ आणि त्यांचे काका. थोरला भाऊ भलतंसलतं संगीत रचायचा. भलतंसलतं हा काकांचा शब्द. दुकानाचं शटर, शिलाई मशीन, गळका नळ, बसचा ब्रेक, जे कानावर पडेल ते रेकॉर्ड करून आणायचा, त्याचे तुकडे एकमेकांना जोडायचा आणि त्यांच्यामधून पियानो वाजवायचा. पियानोच्या तारांतसुद्धा स्क्रू, चमचे, काय वाट्टेल ते खुपसायचा. बघून मला घाम फुटायचा. पण खरं सांगू? ऐकताना वाटायचं, या गल्लीत जन्म गेला, पण गल्ली ऐकतोय आज.

धाकटा गॅरेजात कामाला. आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला. डोकं तापट, पण भावावर जीव. माइक धरायचं काम त्याचं. थोरल्याचा एक नेम होता. जिथे वाजवायचं त्या खोलीची नुसती शांतता आधी रेकॉर्ड करायची. "रिकाम्या खोलीलाही आवाज असतो," म्हणायचा. तेवढ्यात धाकट्यानं श्वास मोठा घेतला की ओरडायचा, "रेड्या! परत!"

त्याची मोठी रचना होत आली होती. उरला होता फक्त शेवट. पियानोच्या खोलीची शांतता आणि तिच्यात खालच्या पट्टीतला एकच सूर. तो सूर घुमायला नको होता त्याला. म्हणून त्या सुराच्या दोन तारांमध्ये तो धाकट्याचं शाळेतलं खोडरबर खुपसायचा. चावून चावून दात उमटलेलं. "तुझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला बघ," म्हणायचा. आणि काम झालं की ते आठवणीनं शर्टाच्या खिशात टाकायचा.

एका संध्याकाळी तो नदीवरच्या पुलाचा आवाज आणायला गेला. ट्रकनं उडवलं. कठड्यावरून थेट पाण्यात. दुसऱ्या दिवशी सापडला. खिसा रिकामा होता.

महिना सरला नाही तोच काकांनी पियानो विकायला काढला. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. मला बोलावलं होतं तारा मोकळ्या करायला. एकेक स्क्रू काढला, प्रत्येक तारेवरून बोट फिरवलं, सगळा ऐवज डब्यात भरून धाकट्याच्या हाती दिला. त्यानं डबा उपडा करून बघितला. खोडरबर नव्हतं त्यात. असणार कुठून?

"उद्या सकाळी गाडी येतेय," काका म्हणाले. "खोलीपण रिकामी होईल एकदाची."

"मग आज रात्री मी शेवट रेकॉर्ड करणार."

"अरे, गेला तो गेला. त्याच्या खणखणाटाला आता कोण विचारतो?"

"मी विचारतो," धाकटा म्हणाला. "बास?"

यापुढचं त्यानं मला सांगितलेलं. पदरचं एक अक्षर घालत नाही.

रात्री पावणेबाराला त्यानं दार लावलं. खिडकी लावली. माइक पियानोजवळ उभा केला, हेडफोन चढवला, रेकॉर्डर चालू केला. रेड्यासारखा श्वास घ्यायचा नाही, असं स्वतःला बजावून बसला.

हेडफोनमध्ये खुर्ची करकरली.

त्यानं वळून बघितलं. थोरल्याची खुर्ची. रिकामी. लाकूड आहे, थंडीनं वाजतं. त्यानं तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाकलं, परत चालू केलं.

पुन्हा करकर. मग पावलं. सावकाश. ओल्या पायांची.

त्यानं हेडफोन काढला. खोलीत काही नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. हेडफोन चढवला...

पावलं. खुर्चीपासून पियानोकडे.

काढला. काही नाही.

चढवला. पावलं माइकपाशी थांबली होती. आणि कुणीतरी... श्वास रोखून धरला होता.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असता. मीही पळालो असतो. पण त्याचा संताप भीतीच्या वर चढला.

"दादा," तो म्हणाला. "समजलं मला. हे संपलं की तू जाशील. मग अर्धंच ठेवायचं, असंच ना?"

...

"मलापण नकोय तू जायला. पण ते काका उद्या म्हणणार, खणखणाट होता, अर्धवटच राहिला. नाही म्हणू देणार मी. ऐकतोयस? तू मोडत जा. मी परत चालू करत जाईन. सकाळपर्यंत. गाडी आली तर गाडीला आडवा पडेन. जन्मभर मला परत, परत म्हणालास ना? मग आता तू. रेड्या! परत!"

...

...

त्यानं रेकॉर्डर चालू केला.

शांतता. खुर्ची नाही. पावलं नाहीत. धाकट्याचे डोळे वाहत होते, पण नाक ओढलं नाही पठ्ठ्यानं. मिनिटभरानं बोट पट्टीवर ठेवलं. दाबलं.

मोकळी तार. घुमायला हवी होती.

ठक्.

एवढंच. मग पुन्हा शांतता.

सकाळी मी पोचलो तेव्हा दारात गाडी होती आणि गाडीसमोर धाकटा. उघडी छाती, लाल डोळे. "मामा, आधी ऐका," म्हणाला. मी ऐकलं. म्हटलं, "शक्य नाही. तारा मी मोकळ्या केल्यात. या हातांनी." झाकण उघडलं.

खालच्या त्या दोन तारांमध्ये खोडरबर होतं. त्यावर दात. त्याच्याखाली लाकडावर पाण्याचे थेंब.

काका म्हणाले, ह्यानंच घातलं असेल. गाडी मात्र रिकामी परत गेली. ती रचना पुढे एका लहानशा हॉलमध्ये वाजली. निम्मे लोक मधेच उठून गेले. धाकटा दारात उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "शेवट चुकवलात."

काका पियानो घरात ठेवू देईनात, म्हणून तो माझ्याकडे आला. हो, हाच. नऊ वर्षं झाली. खोडरबर तसंच ठेवलंय, धाकट्यानं हात लावू दिला नाही. इतकी वर्षं हा कोपरा कोरडा ठणठणीत आहे, भिंतीला साधी ओल नाही.

कुणाला शंका असेल तर या पुढे. झाकण मी धरतो. बोट आत घाला आणि सांगा...

बघ. पूस आता हात.