पॅरा म्हणजे समोरासमोर

प्रयोगशाळेच्या दारात पुष्पलता अडखळली, आणि तिच्या हातातून निसटलेली बाटली जागेश्वरनं वरच्यावर झेलली. तो एक वर्ष पुढचा, गोळीबार चौकातल्या कोष्ट्याचा मुलगा. तिच्याही घरी हातमागच होता.

"नाव तरी घेता येते का याचं?"

"पॅराडायमेथिलअमिनो..." तिचा दमच संपला.

"एका दमात काय म्हणते वं? तोडून म्हण. पॅरा — डाय-मेथिल — अमिनो — बेन्झ — अल्डिहाइड. अन् बाबा मागावर फणी ठोकतात ना, तसा ठोका दे. 'मे'वर एक, 'मी'वर एक, 'बेन'वर एक."

तिनं म्हटलं. खरंच जमलं!

"पॅरा म्हणजे?"

"समोरासमोर. कार्बनच्या रिंगणाच्या या टोकाले एक, त्या टोकाले एक. टेबलाच्या तिकडं तू, इकडं मी..."

तिनं पदर उगाच सारखा केला. "अन् डाय?"

"दोन मेथिल. जोडीनंच राहतात ते."

मग रोज संध्याकाळी स्तोत्र संपलं, की बाबांच्या मागाच्या ठोक्यावर ती ते नाव पुटपुटायची.

"एवढं लांब नाव आलं तुले," तो एकदा म्हणाला. "माझं कधी घेशील?"

"घेईन की... घाई काहून?"

आईचं दुखणं हटावं म्हणून तिनं दर श्रावणी सोमवारी काष्ठमौन धरलं होतं. दिवेलागणीपर्यंत शब्द नाही, खूणही नाही. बोललं तर पुण्य सरतं, म्हणून घराबाहेर कुणाला सांगितलंही नव्हतं. शेवटच्या सोमवारी कॉलेजच्या फाटकाशी तो ट्रंक घेऊन उभा होता.

"जबलपूरले नोकरी लागली. चारची गाडी आहे. एकदा नाव घे माझं, आजच घरी सांगतो, मागणी घाला म्हणून. नाही घेतलं... तं समजून जाईन."

तिच्या डोळ्यांपुढे आईचं अंथरूण आलं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिनं हलवली नाही.

तो थांबला, अजून थोडा थांबला. "बरं," म्हणाला, आणि ट्रंक उचलली.

दिवा लावून तिनं महादेवाचं नाव घेतलं आणि पत्र लिहायला बसली. पण पोरीनं आपणहून कसं लिहावं? दसऱ्याला येईलच तो... तोंडानंच सांगू.

दसऱ्याला तो आला नाही. त्याचं लग्न ठरल्याची बातमी आली.

"तुझ्या मौनानंच उठली वं मी," तुळशीला पाणी घालता घालता आई म्हणाली. पुष्पलता हसली. आतल्या खोलीत बाबांचा माग ठोके देत होता. तिचे ओठ सवयीनं हलले, "पॅरा..." आणि तिथंच थबकले.

पुढचं तिला सगळं येत होतं.