निपला खालून कुणी बोलावलं

भूत असतं की नाही, हे मला विचारू नका पोरांनो. मी आयुष्यभर मेंढ्या कातरल्या, मला त्यातलं कळत नाही. मला कॉल ट्रेम्बाथ माहीत आहे. कुंपणं घालून पोट भरणारा, बोलायला मोजका, दारू केव्हाच सोडलेला. त्याने हे मला सांगितलं तेव्हा भर दुपार होती, आणि तरीही तो सारखा खाली जमिनीकडे बघत होता.

जनरेटर बंद झालाच आहे, तर ऐका.

गेल्या ऑगस्टमधली, ऐन हिवाळ्यातली गोष्ट, दुसऱ्या गुरुवारची. आकाशात चंद्र नव्हता आणि थंडी अशी की मेंढ्यांच्या पाठीवर संध्याकाळीच दव गोठायला लागलेलं. मेंढ्या व्यायचे दिवस आले की कॉलला फोन सुरू होतात, कारण त्याच्याकडे टेरिअर आहेत, बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढणारी छोटी कुत्री. त्या गुरुवारी फोन आला ग्लेनिस हार्कोर्टचा. नवरा गेल्यापासून एकटीच मेंढ्या सांभाळते, बंदूक चांगली चालवते, जीभ त्याहून चांगली. रोज सकाळी तिला एखादं कोकरू मरून पडलेलं सापडत होतं. कुणाची शेपटी नाही, कुणाची जीभ नाही. कोल्ह्याचंच काम.

कॉल गेला. बरोबर म्हातारी कुत्री मर्टल, आणि तिच्या मागे उड्या मारणारी निप. निप म्हणजे एक वर्षाचीही नसलेली, काळी कुळकुळीत कुत्री. अंगावर पांढरा केस शोधून सापडायचा नाही. बिळावर येण्याची तिची पहिलीच वेळ.

"हे काय, काळा पायमोजा आणलास?" निपकडे बघून ग्लेनिस म्हणाली.

"पायमोजाच आहे. पण दात असलेला."

"तुझ्या मागच्या कुत्र्यालाही दात होते. माझ्या गाडीची सीट खाल्ली त्याने."

"भूक लागली होती बिचाऱ्याला. तू कुठे जेवायला विचारलं होतंस?"

असं चाललं होतं दोघांचं. कामाला लागले तेही हसत. कुरणाच्या वरच्या अंगाला निलगिरीच्या मुळांत एक बीळ होतं, तिथून सुरुवात केली. कॉलची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पिल्लाला तो कधी बिळात ढकलत नाही. आधी जुनी कुत्री आत जाते, पिल्लू दोरीला बांधून बाहेर बसतं, वास घेतं, आवाज ऐकतं. पहिल्याच खेपेला कोल्ह्याने फाडलं तर पिल्लू जन्माचं बिचकतं. पिल्लाला आपण होऊन आत जावंसं वाटलं पाहिजे, आणि आतून परत यावंसंही वाटलं पाहिजे. त्यासाठी हाक. बिळाच्या तोंडाशी आडवं पडून, हळू आवाजात, शाब्बास म्हणत राहायचं. अंधारात पिल्लाला तेवढा एकच आवाज ओळखीचा असतो.

मर्टल आत गेली. जमिनीखाली भुंकणं झालं, गुरगुरणं झालं, आणि दुसऱ्या तोंडातून कोल्हा बाणासारखा सुटला. ग्लेनिसची एकच गोळी. निप दोरी तोडायला निघाली होती.

"झालं," ग्लेनिस म्हणाली. "चहा घेऊ."

पण निपला चहा नको होता. तिने कॉलला ओढत ओढत टेकाडामागे नेलं. ग्लेनिस त्याची पिकअप घेऊन मागोमाग आली. तिथे जुन्या सोन्याच्या खाणींची जागा आहे. सगळीकडे खणून काढलेल्या मातीचे ढिगारे, अर्धवट बुजलेले खड्डे. सोनं शोधायला आलेली माणसं कधीच गेली, कुणी रिकाम्या हाताने, कुणी सुरुंगात बोटं गमावून. जी वर आली ती गेली. अशाच एका ढिगाऱ्याच्या पायथ्याशी एक भोक होतं, आणि निप त्याच्यासमोर शेपूट हलवत उभी राहिली.

मर्टल मागून आली. तिने हुंगलं. मग ती मागे सरली. पाठीवरचे केस उभे, शेपूट पोटाखाली. सरळ पिकअपखाली जाऊन बसली.

"हिला काय झालं?" ग्लेनिसने विचारलं.

"दमली. वय झालं तिचं."

कॉल मला म्हणाला, तिथेच मी शहाणा व्हायला हवं होतं. पण निप आपण होऊन मागत होती, आणि अशी वेळ पिल्लाच्या आयुष्यात एकदाच येते. आत कोल्हा नसला तर बरंच, नुसती आत जाऊन येईल, भीड चेपेल. त्याने तिच्या गळ्यात पट्टा घातला. त्या पट्ट्यातून खूण येते, आणि हातातली डबी टिकटिक करून कुत्रं कुठे आणि किती खोल आहे ते सांगते. मग दोरी सोडली.

निप आत गेली.

डबी टिकटिकत होती. मग टिकटिक मंदावली. मग आणखी. कॉल ढिगाऱ्यावर चढला, पलीकडे उतरला, डबी जमिनीला लावून फिरला. आणि डबी गप्प झाली.

"बिघडली?" ग्लेनिस.

"नाही. ती फार खाली गेली."

"कोल्हा एवढं खोल खणतो?"

"कोल्हा नाही खणत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बीळ खाणीच्या जुन्या भुयारात फुटलं होतं. खाली पाणी असेल, खड्डे असतील. सूर्य टेकाडामागे गेला होता. ग्लेनिस बोलून गेली, "सकाळी येशील आपणहून." निपलाच म्हणाली, भोकाकडे बघून. कॉलने नकारार्थी मान हलवली. ज्याचं कुत्रं जमिनीखाली आहे तो माणूस घरी जात नाही. मग रात्र असो नाहीतर पाऊस.

"बरं, मी फावडी आणते, बॅटरी आणते," ती म्हणाली. "आणि खायला काहीतरी. नाहीतर मरशील तू इथे थंडीने." पिकअप तीच घेऊन गेली. मर्टल केव्हाच आत उडी मारून बसली होती.

कॉल एकटा राहिला.

अंधार पडला. तो भोकाशी आडवा झाला, तोंड आत घातलं आणि हाक मारायला लागला. "निप... ये गं... शाब्बास... ये..."

खालून त्याचाच आवाज परत आला. "...शाब्बास... ये..."

भुयार मोठं असणार, आवाज घुमतोय, त्याला वाटलं. बरं वाटलं, म्हणजे निपलाही ऐकू जात असेल. तो हाका मारत राहिला. आवाज परत येत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की परत येणारा आवाज जरा उशिरा येतोय.

तो थांबला.

"...शाब्बास... ये गं... ये..."

आवाज थांबला नव्हता.

कॉलने श्वास रोखला. खाली, खूप खाली, निप भुंकली. भीतीचं भुंकणं नव्हतं ते. जेवणाचं भांडं घेऊन कुणी आलं की ती भुंकायची, तसं. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं.

"...अशी. अशी माझी पोर..."

हे कॉल बोलला नव्हता. एकदाही.

त्याला उठून पळावंसं वाटलं. पण निप आत होती. खाली ती पोरगी कुणाच्या तरी हाकेला जात होती, आणि हाकेला जायला तिला त्यानेच शिकवलं होतं. मग त्याने ओरडून हाक मारली, एवढी मोठ्याने की घसा फाटला. "निप! इकडे! इकडे ये!"

सगळं शांत झालं.



मग खालून, अगदी सावकाश, विचारल्यासारखं...

"पोरी... वर कोण आहे?"

कॉलला नव्हतं विचारलं. कुत्रीला विचारलं होतं.

निप एकदा भुंकली.

"...चल. दाखव."

आणि त्याच्या हातातली डबी टिकटिकायला लागली.

आधी मंद. मग जराशी भरभर. निप वर येत होती. कॉलने सुटकेचा श्वास सोडला, आणि अर्ध्यातच तो अडकला. नखांचा आवाज येत होता, कुत्र्याच्या. त्याच्या मागून दुसरा. काहीतरी जड. मातीवरून घासत. थांबत. पुन्हा घासत. जणू पोटावर सरपटत...

टिकटिक. टिकटिक. टिकटिक.

आता वासही आला. ओल्या मातीचा नाही. विझलेल्या वातीचा.

बॅटरी नव्हती. काडेपेटी नव्हती. ग्लेनिस नव्हती. पळालो तर निप इथेच राहील, एवढं त्याला कळत होतं. हात आत घातला तर... ते त्याने डोक्यात येऊ दिलं नाही. डोळे मिटले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

बोटांना केस लागले. ऊन, ओले. निपचं नाक. त्याने तिची मानगूट पकडली आणि ओढलं.

ती येईना.

अडकली असेल. मुळात, दगडात. त्याने पुन्हा ओढलं. आणि पलीकडून कुणीतरी... हळूच... परत ओढलं.

निप आता केविलवाणी रडत होती. त्याच्या हाताला तिचं काळीज धडधडताना लागत होतं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. माणसाचा. धाप लागलेला. एका हाताच्या अंतरावर.

कॉल काय बोलला, ते त्यालाही नीट आठवत नाही. तो धमकी द्यायला गेला, पण तोंडातून विनवणी निघाली.

"सोड रे तिला. लहान आहे अजून. पहिलीच वेळ आहे तिची."

श्वास थांबला.

काही नाही.

काही नाही...

"...माझीही होती," आवाज म्हणाला.

आणि पकड सुटली.

कॉल मागे उताणा पडला, छातीवर निप. तिला कोटात कोंबून तो धडपडत रस्त्याच्या दिशेने पळाला. ढिगाऱ्यांपाशी वळून बघायची त्याची छाती झाली नाही. पिकअपचे दिवे दिसले तेव्हा तो मधोमध उभा राहिला, ग्लेनिसने कचकन ब्रेक मारला.

"अरे मरशील! मिळाली का?"

"गाडी वळव."

"फावडी..."

"ग्लेनिस, गाडी वळव."

तिने वळवली. घरी येऊन चुलीपाशी बसेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि ग्लेनिस गप्प बसली हीच मोठी गोष्ट. मग चहाचा मग त्याच्या हातात देत हळूच म्हणाली, "मी मघाशी एकदा येऊन फाटकाशी थांबले होते. घरी बॅटरी सापडेना, ती तुझ्याजवळच राहिली का, ते विचारायला. तुझं बोलणं चालू होतं, म्हणून मी आत नाही आले."

"माझं?"

"तुमचं दोघांचं. मला वाटलं शेजारचा कुणी मदतीला आलाय."

कॉलने चहा न पिताच खाली ठेवला.

निपच्या अंगावर जखम नव्हती. चावा नाही, ओरखडा नाही. नीट जेवली, झोपली. त्यानंतर बिळात मात्र कधी गेली नाही, आणि कॉलनेही तिला नेलं नाही.

ऑक्टोबरात ऊन तापायला लागलं तशी तिची थंडीतली लव झडली. नवे केस आले. कॉल तिला घेऊन ग्लेनिसकडे गेला, तिला टेबलावर उभं केलं आणि मागची डावी मांडी दिव्याकडे वळवली.

काळ्या केसांत पांढरे केस उगवले होते. चार पट्टे एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने. घट्ट धरल्यासारखे.

ग्लेनिसने त्यांच्यावर आपला हात ठेवून पाहिला. ठसा तिच्या हातापेक्षा मोठा होता. तिच्या बोटांखाली बोटं येत होती, अंगठ्याखाली अंगठा. फक्त मधल्या बोटाचा पट्टा अर्ध्यावरच संपत होता.