हातावरचा साबण

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, तीनच्या सुमाराला, तिच्या शिवणाच्या खोलीत.

माझ्या बहिणीच्या हातात सोन्याच्या दोन बांगड्या होत्या. घट्ट इतक्या, की साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत. जायच्या वर्षभर आधी ती माझ्यासमोर लेकीला म्हणाली, "या तुला दिल्या. साबण आण, काढून घे."

भाची मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"राहू दे गं अम्मी तुझ्याच हातात. मला मशीनवर आपटतात. आणि तू काय लगेच चाललीस?"

अम्मी हसली. बांगड्या हातातच राहिल्या.

ती गेल्यावर भाचीच्या दोन्ही भावांसमोर मी साक्ष दिली. मौलवीसाहेबांनी ऐकून घेतलं.

"दिल्या म्हणाल्या. पण हातात सोपवल्या का?"

"नाही."

"मग भेट पुरी झाली नाही. आता त्या वारसांच्या. मुलांना दोन-दोन वाटे, मुलीला एक. भावांनी आपखुशीने सोडल्या तर गोष्ट वेगळी."

थोरला जमिनीकडे बघत राहिला. धाकटा म्हणाला, "मामू, हक्क तो हक्क."

वाटणी होईपर्यंत बांगड्या थोरल्याच्या कपाटात गेल्या. कुलपात.

त्यानंतर दहाव्या दिवशी भाची शिवत बसली होती. मशीनच्या खडखडाटात वेगळाच आवाज आला...

खण्ण.

तिने पाय थांबवला. आवाजही थांबला.

पुन्हा पाय हलवला... खण्ण.

मग डावा हात गार लागला.

पाहते तर हातावर फेस. साबणाचा. आणि दोन्ही बांगड्या बोटांच्या सांध्यांवर अडकलेल्या... कुणी घालता घालता दमून सोडून दिल्यासारख्या.

ती तशीच थोरल्याकडे धावली. कुलूप जागच्या जागी होतं. कपाट उघडलं तर बांगड्यांची डबी रिकामी.

"चावी कुठून मिळवलीस?"

"भाईजान, मी नाही काढल्या."

"मग काय अम्मीने आणून दिल्या?"

बोलला खरा. फेसाकडे लक्ष गेलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

असं तीनदा झालं. मौलवीसाहेबांनी तिचा हात पाहिला.

"बेटी, द्यायचं ते जिवंतपणीच देता येतं. परत ठेव."

तिने ठेवल्या. धाकट्याने घाई करून त्या सोनाराकडून वितळवून घेतल्या. तिचा पाचवा हिस्सा तिला पोचता झाला.

वाटलं, सुटलो.

परवा दुपारी मी तिच्या खोलीत होतो. तीन वाजले. तिने मशीन थांबवलं आणि डावा हात पुढे केला. लहानपणी बांगड्या भरताना अम्मीने शिकवलं होतं तसा, सैल, अंगठा आत घेऊन.

हातावर फेस आला.

माझ्या डोळ्यांदेखत सांधे दबले... लाल झाले. कुणीतरी जोर लावत होतं. सरकत मात्र काहीच नव्हतं.

"मामू, तुम्ही साक्षीदार आहात," ती हळूच म्हणाली. "सांगा ना तिला, मला मिळाल्या म्हणून."

मी तोंड उघडलं...

खोटी साक्ष देता आली नाही.

फेस वाळेपर्यंत दोघं तसेच बसून राहिलो.