कुंडीतलं बटण

"उद्या सकाळी ही कुंडी इथून हललीच पाहिजे!" साहेबांनी फर्मान सोडलं आणि ते तरातरा निघूनही गेले.

टिकलीने आत्याकडे पाहिलं. आत्या वनस्पती संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती, पण केंद्राचे प्रमुख असलेल्या साहेबांपुढे तिचंही काही चालेना! सुट्टीत तिच्याकडे राहायला आलेली टिकली, तिचा भाऊ ढब्बू आणि सतत दोघांच्या मागे मागे फिरणारा धाकटा शेपूट, तिघंही रोपघराच्या दारात उभी होती.

"फेकून देणार?" ढब्बूने विचारलं.

"पाहुणे यायचेत. इथे शोभेची झाडं मांडायचीत. आणि या बाईसाहेब आजवर एकदाही फुलल्या नाहीत." आत्याने कुंडीतल्या लांब, ठिपकेदार पानांवरून हात फिरवला. "ही अगदी नवी जात आहे गं, पण फूल दाखवल्याशिवाय कोण मानणार? जंगलातल्या ज्या उतारावर ही उगवायची, तो रस्त्यासाठी खणून काढला. उरली ती एवढीच."

"फूल नाही, पण माझ्याकडे बटण आहे!" शेपटाने खिशातून काहीतरी जांभळट काढलं.

"शी! मेलेल्या उंदराचा वास!" ढब्बू मागे सरकला.

टिकलीने मात्र ते हातात घेतलं. बटणाला पाकळ्या होत्या!

"कुठे मिळालं रे?"

"माळीकाकांच्या कचऱ्याच्या बादलीत."

माळीकाका म्हणजे टापटिपीचा कळस. रोज सकाळी ते प्रत्येक कुंडीतली माती ब्रशने झाडून लख्ख करत. टिकलीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"आत्या, हिचं फूल मातीलगत, पाचोळ्याखाली येत असेल तर? आणि काका ते रोज झाडून टाकत असतील तर?"

आत्याने भिंगातून पाहिलं आणि उसासा सोडला. "पार चुरगळलंय. फूल असेल, नाहीतर अळंबी. आणि ते याच कुंडीतलं कशावरून?"

तिघं साहेबांकडे धावली. "बटणं कसली दाखवता? जा, खेळा!" साहेबांनी वाटेला लावलं. रडून, विनवून, सगळं करून झालं.

शेवटी ढब्बू म्हणाला, "साहेबांना पालक आणि मेथीतला तरी फरक कळतो का?"

संध्याकाळी त्यांनी तसल्याच लांब पानांचं एक साधं रोप त्या जागी ठेवलं. खरी कुंडी खताच्या ढिगामागे नेली आणि तिच्यावर ओंजळ ओंजळ पाचोळा घातला.

"आत्याला सांगू या?"

"वेडी आहेस? तिला खोटं बोलता येतं का!"

सकाळी गाडीवाला खोटी कुंडी घेऊन गेला, तेव्हा आत्याने तिकडे पाहिलंही नाही; तोंड फिरवून डोळे पुसले. टिकलीला सांगताही येईना आणि बघवेनाही! पुढचे दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. पाचोळा उचलायचा, खाली पाहायचं, परत घालायचा. काही नाही! सुट्टी संपत आली.

निघायच्या दिवशी शेपूट ओरडत आला, "बटण! जिवंत बटण!"

टिकलीने आत्याला ओढतच खताच्या ढिगामागे नेलं. खरी कुंडी पाहताच आत्या चिखलातच गुडघ्यांवर बसली. तिने भिंग फुलावर धरलं. "नवीच आहे! अगदी नवी!" ती हसत होती, रडत होती. मग तिने कात्री काढली.

"तोडणार?" टिकली किंचाळली. "एकुलतं एक आहे!"

"तोडावंच लागतं, राणी. पुरावा म्हणून बाटलीत जपायला."

फूल बाटलीतल्या द्रावणात बुडालं. त्याचा जांभळा रंग हळूहळू उतरताना टिकली बघत राहिली. करणार काय!

साहेब आले, पाहुण्यांनाही घेऊन आले. "शाब्बास! मुलं असावीत तर अशी!" त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आता ही कुंडी अगदी दर्शनी जागी ठेवा! आणि काका, रोज स्वच्छ झाडत जा बरं का!"

माळीकाकांनी ब्रश उचललाच होता. टिकलीने झेप घेऊन तो हिसकावला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर कुंडीत ओंजळभर पाचोळा ओतला.

"अगं, कचरा कशाला टाकतेस?" साहेब म्हणाले.

टिकलीने आत्याकडे पाहिलं. गाडी सुटायची वेळ झाली होती. उद्यापासून इथे तिघांपैकी कोणीच नसणार होतं.

आत्याने तिच्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.