विसंगत उत्तर

"मावशी, आता थोडा वेळ तुम्ही बोलायचं नाही," यंत्र घेऊन आलेली तबस्सुम म्हणाली. गिरजाबाई हटवारांनी रेशीमकोशाचा धागा हातात तसाच धरून मान वर केली.

पस्तीस वर्षांत असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. लेक रेवतीला भूक लागली आहे, रेवतीला ऊन सोसत नाही, रेवतीला शेजारच्या लग्नाला यायचे नाही, हे सगळे गिरजाबाईच सांगत आल्या होत्या. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, तेव्हापासून रेवतीचे हातपाय तिच्या ताब्यात नव्हते आणि जीभही नव्हती. तिच्या गळ्यातून निघणारे आवाज आईला कळतात, असे पिंपळटोल्यात सगळे धरून चालले होते.

तबस्सुमने रेवतीच्या गळ्याभोवती एक मऊ राखाडी पट्टी बांधली. सरकारी कागदांत या यंत्राचे नाव 'इच्छावाचक' असे होते, पण लोक त्याला कंठी म्हणत. बोलायचे मनात आले की मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना संकेत जातो. स्नायू तो पाळू शकले नाहीत, तरी संकेताची बारीकशी वीज तिथवर पोचतेच. कंठी ती वीज टिपायची. हिरवा दिवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. संकेत येतो आहे, पण तो धड इकडचा नाही की तिकडचा नाही, असे असले की पिवळा.

तबस्सुमने आधी सोपे प्रश्न विचारले. तुमचे नाव रेवती का? हिरवा. आपण आत्ता तलावात बसलो आहोत का? लाल, आणि पाठोपाठ रेवतीच्या गळ्यातून एक खरखरीत आवाज. तो हसण्याचा होता, हे या वेळी सगळ्यांनाच कळले.

समोरच्या बाजेवर मंदाकिनी रहांगडाले बसली होती. ती जिल्ह्याची दिव्यांग हक्क अधिकारी. जुनी सगळी पालकत्वपत्रे रद्द झाली होती आणि प्रत्येकाला नव्याने विचारायचे होते, म्हणून ती गावोगाव फिरत होती. संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार केला, देशाने त्यावर सही केली, संसदेने कायदा केला, राज्याने नियम केले आणि नियमांना एक प्रपत्र जोडले. अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीचे स्थान आहे, तिची इच्छा आणि पसंती यांचा मान राखावा, एवढेच मूळ म्हणणे. पिंपळटोल्याच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याचे एकोणीस प्रश्न झाले होते. मंदाकिनीला हा प्रवास चांगला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी नियमांचा मसुदा करणाऱ्या समितीत तीही होती.

सातवा प्रश्न तिने स्वतः वाचला. "रेवतीताई, आईने तुमचे पालक म्हणून राहावे, अशी तुमची इच्छा आहे का?"

लाल दिवा लागला.

नियमाप्रमाणे प्रश्न मध्ये वेळ सोडून तीनदा विचारायचा होता. तिन्ही वेळा लालच लागला. गिरजाबाई हातातला धागा बोटाला गुंडाळत राहिल्या.

बारावा प्रश्न होता: शासनाच्या साहाय्य निवासात राहायला जाण्याची इच्छा आहे का? तोही तीनदा विचारला आणि तीनदा लाल लागला. तबस्सुमच्या हातातल्या, यंत्राला जोडलेल्या पाटीवर एक ओळ उमटली: 'उत्तरे परस्परविसंगत. नियम चौदा, पोटनियम तीन लागू.'

मंदाकिनीने गिरजाबाईंना त्याचा अर्थ समजावून सांगितला. पालक नको आणि निवासही नको, ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. उत्तरे जुळली नाहीत, तर त्या व्यक्तीला निर्णय घेता येत नाही असे नियम धरून चालतो. मग समिती पालक नेमते. म्हणजे महिन्याभरात गिरजाबाईंच्याच नावाचा कागद येईल. रेवती घरीच राहील, काळजीचे काही कारण नाही.

गिरजाबाईंनी बोटाचा धागा सोडवला. मग म्हणाल्या, "पन ती नाही म्हनली न जी."

"हो, पण नियम..."

"तीनदा इचारलं तुमी. तीनदा नाही म्हनली. मंग मले कागद कसा देता?"

मंदाकिनीने प्रपत्र मिटून बाजूला ठेवले आणि तबस्सुमला कंठी चालूच ठेवायला सांगितले. तबस्सुम घुटमळली. यादीबाहेरचा प्रश्न विचारला की सुनावणी बाद होते, आणि यंत्रातली प्रत्येक नोंद मुख्यालयाला जाते, याची तिने हळूच आठवण करून दिली. मंदाकिनी म्हणाली, जाऊ दे.

मग तिने खुर्ची रेवतीजवळ ओढून घेतली आणि आपल्या शब्दांत विचारायला सुरुवात केली. तुम्हाला आई नको आहे का? लाल. आईजवळच राहायचे आहे? हिरवा. म्हणजे आई हवी, पण पालक नको? हिरवा. तुमच्या वतीने दुसऱ्या कोणी सही करायला नको, असे आहे का? प्रश्न पुरा व्हायच्या आतच दिवा हिरवा झाला.

"आधी कधी अशी सही झाली होती का?"

हिरवा.

मंदाकिनीने अंदाजाने एकेक गोष्ट विचारली. घराची? लाल. शाळेची? लाल. दवाखान्याची?

हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. गिरजाबाईंनी कोशांची परडी मांडीवरून खाली ठेवली. त्या उठून आत गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"एकोनीस वर्साची होती," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हने, पिशवी काढून टाका, दर महिन्याचा तरास जाईल. आन् तरासाचं त मी करतच होती. पन मी सूत इकाले बाहेरगावी जावो, तवा ही घरी एकटी राहे. मले लय भेव वाटे. उद्या कोनी काही केलं त, पोट रायलं त? मी सही केली. हिले सांगतलं, पोटात गाठ होती."

"तिला विचारलं नाहीत?"

"असल्या पोरीले कोन इचारते जी? मलेच कोनी इचारलं नाही. डाक्टरनं कागद समोर ठेवला, बस."

मंदाकिनी रेवतीकडे वळली. तुम्हाला हे ठाऊक होते का, असे तिने विचारले. हिरवा. तेव्हापासून? हिरवा. सोळा वर्षे ती हे मनात ठेवून त्याच ओसरीवर, त्याच आईच्या हातून जेवत होती.

आणखी एक नियम होता आणि तो मंदाकिनीला टाळता येण्यासारखा नव्हता. संमतीवाचून केलेली अशी शस्त्रक्रिया उघडकीला आली, तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत पोलिसांना कळवलेच पाहिजे, मग ती कितीही जुनी असो. सही करणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. तिने हे दोघींना स्पष्ट सांगितले. मग रेवतीला विचारले, "मी हे कळवावं, असं तुम्हाला वाटतं का?"

पिवळा दिवा लागला. किंचित हिरव्याकडे झुकला, परत आला, लालकडे गेला, पुन्हा पिवळा झाला. रेवतीचे डोळे आईवर होते. दीड मिनिटाने पाटीवर शब्द उमटले: 'उत्तर नाही.'

"मॅडम, उत्तर नाही असं नाहीये," तबस्सुम म्हणाली. "ती विचार करतेय. यंत्राला तेवढं कळत नाही."

परतीच्या वाटेवर वैनगंगेचा पूल येईपर्यंत मंदाकिनी नियम पुन्हा वाचत होती. नियम चौदामधला तिसरा पोटनियम तिचाच होता. पहिल्या चाचण्यांच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रत्येक प्रश्नाला हिरवा दिवा दिला होता. घर विकायचे का, होय. घर ठेवायचे का, होय. अशा माणसाला कोणी फसवू नये, म्हणून तिनेच ते वाक्य सुचवले होते आणि समितीने तिचे कौतुक केले होते. आता तिला तिची स्वतःची गोष्ट आठवली. नवरा गेल्यावर सासरी राहायचे की माहेरी जायचे, हे तिला दोन वर्षे ठरवता आले नव्हते. सासरच्यांना नाही म्हटले होते आणि भावालाही नाही म्हटले होते. तरी तिला निर्णय घेता येत नाही, असे कोणत्याही समितीने लिहून दिले नव्हते.

तिने विभागाला पत्र पाठवले आणि आपल्याच पोटनियमावर हरकत घेतली. चौथ्या दिवशी उपसचिव सावरबांधे यांचा फोन आला. ते शांत स्वभावाचे, कागदाला पक्के गृहस्थ. सप्टेंबरात देशाचा अहवाल जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांकडे जायचा आहे, राज्याचा भाग त्याआधी द्यायचा आहे, एक्केचाळीस हजार सुनावण्या पूर्ण झाल्याचे आपण कळवणार आहोत, असे त्यांनी सांगितले. त्यांतल्या विसंगत किती, असे तिने विचारले. त्यांनी पाहून सांगितले, अकरा हजार. म्हणजे अकरा हजार लोकांना आपण विचारले आणि विचारल्यावर त्यांचा अधिकार काढून घेतला, असे ती म्हणाली.

"मग प्रपत्रात काय लिहायचं म्हणता?" त्यांनी विचारले.

"आणखी एक रकाना. 'वेळ हवा.'"

"ते तिथे विचारतील, यांचं काम पूर्ण का नाही. काय सांगू मी?"

"सांगा, अकरा हजार लोक अजून विचार करताहेत."

सावरबांधे यांनी लगेच होकार दिला नाही. आठवड्याने मात्र एक परिपत्रक आले. तिच्या जिल्ह्यापुरता, प्रायोगिक म्हणून, 'वेळ हवा' हा रकाना मंजूर झाला होता आणि यादीबाहेरच्या प्रश्नांनाही परवानगी मिळाली होती. पोलिसांना कळवण्याच्या नियमाबद्दल त्यांनी फोनवर वेगळे सांगितले. तो कायद्यातून आलेला आहे, त्याला हात लावता येणार नाही. तीस दिवस म्हणजे तीस दिवस.

मंदाकिनी दर आठवड्याला पिंपळटोल्याला जाऊ लागली. होय-नाहीच्या पलीकडे जायचे म्हणून तबस्सुमने एक शब्दसंच तयार केला. गिरजाबाईंना विचारून तिने घरात रोज बोलले जाणारे तीनशे शब्द गोळा केले. यंत्र ते हळूहळू उच्चारायचे आणि हवा तो शब्द आला की रेवती त्याला हिरवा द्यायची. एका वाक्याला पंधरा-वीस मिनिटे लागत. पहिल्या दिवशी तिने जुळवले, 'चहा साखर नको.' गिरजाबाई आधी हसल्या. इतकी वर्षे आपण दोन-दोन चमचे घालत आलो, असे म्हणाल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पुढच्या खेपेला कळले की रेवतीला तलावाकाठी जायचे आहे आणि दुपारची मालिका तिला मुळीच आवडत नाही. शस्त्रक्रियेबद्दल मंदाकिनी दर वेळी विचारी. दर वेळी दिवा पिवळाच राही आणि ती नव्या रकान्यात खूण करी.

तिसऱ्या खेपेला एकोणतिसावा दिवस होता. पोलिसांना द्यायचा अहवाल तिच्या पिशवीत होता. फक्त सही बाकी होती. तिने रेवतीला सगळे पुन्हा सांगितले: उद्याची मुदत, आईवर काय येऊ शकते, न कळवल्यास आपल्यावर काय येईल. काहीही लपवले नाही. मग प्रश्न विचारला. पिवळा.

पण या वेळी रेवतीने मान एका बाजूला टाकली. शब्दसंच हवा असला की ती असे करी. तबस्सुमने यंत्र सुरू केले. आई, असा पहिला शब्द आला. गिरजाबाई पुढे होऊन तिच्या पायाशी बसल्या. नंतर बरेच शब्द तसेच गेले. मग तेव्हा. मग भेव. हा शब्द गिरजाबाईंनी पहिल्याच दिवशी यादीत घालायला सांगितला होता. पुढे लोक आला, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच नाही की वाक्य संपले असे तबस्सुमला वाटले. तिने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात हिरवा दिवा पुन्हा लागला. शेवटचा शब्द होता, मी.

तबस्सुमने शब्द एकत्र करून यंत्राला वाक्य जुळवायला लावले. यंत्राने ते सपाट आवाजात वाचून दाखवले.

"आई, तेव्हा तुला भेव लोकांचं होतं, का माझ्यासाठी होतं?"

हे असेच म्हणायचे होते का, असे मंदाकिनीने विचारले. हिरवा.

गिरजाबाईंनी रेवतीचा वाकडा झालेला हात आपल्या हातात घेतला, बोटे एकेक करून सरळ केली, पुन्हा तशीच वळू दिली. रेवती त्यांच्याकडे एकटक पाहत होती. तिला घाई नव्हती.

मंदाकिनीने पिशवी उघडली नाही. उद्या मुदत संपणार होती आणि ती पाळायची की नाही हे तिला ठरवावेच लागणार होते. पण या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला गिरजाबाईंना वेळ हवा होता, आणि तो किती असावा, हे कोणी ठरवायचे?