तयार उत्तर

तो पहिल्याच दिवशी चुकून माझ्या खुर्चीत बसला होता. मी उठवलं, तर म्हणाला, "छान आहे हो, मॅडम... हीच देता का?" ऑफिसात सगळे त्याला ‘नवा’ म्हणत. दुपारी त्यानं चहाला विचारलं. मी म्हणाले, "बघू." पुढे आणखी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "बघू".

आमचा प्रोग्राम दवाखान्यांसाठी होता. रुग्णांना तपासणीची आठवण करून द्यायची— कुणाला मेसेज, कुणाला ईमेल, म्हाताऱ्या माणसांना फोन. तिन्हींचा पाया म्हणून मी ॲबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे एक सामाईक साचा, लिहिला आणि ‘पाठवा’ या कामाला, कुणी स्वतःचं लिहिलं नाही तर, एक तयार उत्तरही देऊन ठेवलं: ‘पाठवलं’.

"त्यापेक्षा इंटरफेस करू या ना," तो मीटिंगमध्ये म्हणाला. "तुमचा क्लास म्हणजे डबा भरून देणारी आई. इंटरफेस नुसतं बजावतो, डबा ज्यानं त्यानं आणायचा. कुणी विसरलं, तर प्रोग्राम सुरूच होत नाही."

"आईनं डबा दिला तर बिघडलं कुठे?"

"रिकामा दिला तर जेवायला बसेपर्यंत कळत नाही."

"तू आधी डबा उघडायला शिक," मी सर्वांदेखत म्हणाले. सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

फोनचा भाग त्याच्याकडे होता. त्यात ‘पाठवा’ लिहायचं तो विसरला आणि माझं तयार उत्तर गुपचूप त्या जागी जाऊन बसलं. आठवडाभर स्क्रीनवर ‘पाठवलं’ दिसत राहिलं; फोन मात्र एकही गेला नाही. चाळीस म्हाताऱ्यांची तपासणी हुकली.

"हा भाग कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग कायम होण्याचं पत्र विसरा."

आणि मी... मी वहीत रेघोट्या ओढत बसले.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी उठले आणि सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं, "पाया माझा, तयार उत्तर माझं. त्यानं बजावलं होतं, मी त्याचं हसं केलं. त्याचं पत्र अडवू नका." त्याचं पत्र बचावलं. पुढच्या कामाची जबाबदारी मात्र माझ्याकडून काढून घेतली.

जागेवर परतले, तर तो तिथेच उभा होता. "सकाळी गप्प का बसलीस?" आज ‘मॅडम’ नव्हतं.

"घाबरले. आता इतकी लाज वाटतेय... तुझ्याकडे बघवत नाही."

"नको बघूस. फाइल उघड."

उभ्याउभ्याच आम्ही दोघांनी इंटरफेस लिहिला. लगेच त्याच्या भागाखाली लाल रेघ उमटली: ‘पाठवा’ लिहिलेलं नाही.

"बघ, आत्ताच कळलं," तो हसला. मग हळूच म्हणाला, "चहाला येतेस?"

"बघू—"

"अंहं. तयार उत्तर नको. स्वतःचं दे."

माझे कान तापले. "येते," मी म्हणाले. "आणि... तू आवडतोस मला. खुर्चीच्या दिवसापासून."

तो मटकन खाली बसला— माझ्याच खुर्चीत. या वेळी मी त्याला उठवलं नाही.