कातरबाईंच्या गळ्यातली माळ

खंडेनवमीच्या सकाळी आबांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि दारातच थबकले. जमिनीवर झेंडूच्या माळांचे तुकडेच तुकडे! केशरी-पिवळ्या पट्ट्यांचा मफलर, दोन तुकडे. लाडू-पेढे ओळीने लावलेली ताटली, तीही मधोमध दोन तुकडे! अख्खी होती ती एकच माळ. कातरबाईंच्या गळ्यातली.

कातरबाई म्हणजे आबांचा यंत्रमानव. रंगांचा क्रम वाचायचा आणि सांगितलेल्या जागी कापायचं, एवढंच त्यांचं काम. "सुप्रभात," त्या म्हणाल्या. "सगळं कापून झालंय. अजून काही कापू?"

"अहो, पण सांगितलं कुणी?"

"शाल्मलीताईंनी."

पडद्याआडून आबांची नात शाल्मली बाहेर आली. तोंड एवढंसं झालेलं.

त्याचं असं झालं. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते, तशी आबांकडे सूक्ष्मदर्शकाची व्हायची. त्याला दरवर्षी शाल्मलीची माळ घातली जायची, आणि जिची माळ तिची त्यातून पहिली नजर. यंदा तर आबांनी चमकणारे जिवाणू तयार केले होते! पण सुट्टीला आतेभाऊ निषाद आला, त्याने दुपदरी माळ केली. केशरी-पिवळं-पिवळं-केशरी. आबा म्हणाले, "वा! यंदा हीच घालू." वर तसलीच एक स्वतः ओवून कातरबाईंना घातली. आबांना दम कुठला? कातरबाईंची पूजाही काल संध्याकाळीच उरकली.

शाल्मलीच्या पोटात असं दुखलं की तिने कातरबाईंना गाठलं. "केशरी-पिवळं-पिवळं-केशरी दिसेल तिथे काप!"

"पण मग तुझी माळ कशी कापली गं?" आबांच्या मागून आत आलेल्या निषादने विचारलं.

शाल्मली पुटपुटली, "मीपण तुझ्यासारखीच केली होती. आबांना आवडली ना तुझी!"

"नक्कलखोर!"

"आणि तू पाहुणा! ती पहिली नजर माझी असते!"

"भांडा नंतर," आबा म्हणाले. "आधी सांगा, कातरबाईंची माळ का वाचली? क्रम तर तोच आहे."

दोघं जवळ गेली. प्रत्येक पिवळ्या फुलावर कालच्या पूजेतलं कुंकवाचं बोट होतं.

"लाल ठिपका दिसला," कातरबाई म्हणाल्या, "म्हणजे ते पिवळं नाही. मग मी कशाला कापू?"

आबांनी टाळीच वाजवली. "जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव) अगदी हेच करतात! विषाणू त्यांच्यात आपला डीएनए (सजीवाच्या सगळ्या सूचना लिहिलेली दुपदरी माळ) घुसवतात. म्हणून जिवाणूंकडे कातरबाई असतात. त्यांना म्हणतात रिस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक क्रम ओळखून डीएनए कापणारं विकर, म्हणजे पेशीतलं कामकरी प्रथिन). डीएनएच्या फुलांची नावं ए, टी, जी, सी; एक कातरबाई फक्त जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम शोधते. ए समोर नेहमी टी आणि जी समोर सी, म्हणून समोरच्या पदरावर उलट्या बाजूने वाचलं तरी तोच क्रम. दिसला की कच्!"

"पण मग जिवाणूचा स्वतःचा डीएनए?" निषाद म्हणाला. "त्यातही तो क्रम असेलच की."

शाल्मली पटकन बोलली, निषादच्या आधी बोलायचं होतं म्हणून. "तो आपल्या माळेला कुंकू लावतो!"

"शाब्बास! मिथाइलचं कुंकू (अणूंचा छोटासा ठिपका). आपलं ते ठिपकेवालं, बिनठिपक्याचं ते परकं."

"मी लावलंच नाही," शाल्मली हळूच म्हणाली. "दुसऱ्याचं कापायच्या नादात."

आबा हसले नाहीत. त्यांनी दोन तुकडे उचलले, एक तिचा, एक त्याचा. "टोकं बघा. कातरबाई सरळ कापत नाहीत. वरचा पदर एका जागी, खालचा दोन फुलं पुढे. म्हणून पिवळी शेपटी लोंबतेय. एकाच कातरीने कापलेल्या कुठल्याही दोन शेपट्या जुळतात."

शाल्मलीने शेपट्या जवळ आणल्या. बरोब्बर बसल्या! तिने दोऱ्याची गाठ मारली.

"ही गाठ लायगेजची (टोकं जोडणारं विकर)," आबा म्हणाले. "अशीच माणसाच्या इन्सुलिनची सूचना जिवाणूत जोडली, तर तो इन्सुलिन बनवू लागतो. मी जेलीफिशची चमकायची सूचना जोडली. उद्या तुम्ही काय जोडाल, कुणास ठाऊक."

तासाभराने सूक्ष्मदर्शकाला एक लांबच लांब माळ चढली. कुठला तुकडा कुणाचा, कातरबाईंनाही सांगता येईना. यंदा प्रत्येक पिवळ्या फुलाला शाल्मलीने स्वतः कुंकू लावलं. निषादच्या फुलांनाही.

"मग पहिली नजर कुणाची?" निषादने विचारलं.

सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायच्या दोन नळ्या होत्या. शाल्मलीने एक डोळा उजव्या नळीला लावला आणि डावीकडे थोडीशी, अगदी थोडीशीच, जागा केली.

"ये. पण ढकलू नकोस हं."

गालाला गाल लावून दोघांनी एकदमच पाहिलं. अंधारात हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"माझ्या डोळ्याला जास्त दिसतायत," शाल्मली म्हणाली.